लिनक्सवर अनधिकृत मेल अ‍ॅप बसवताना: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, तेव्हापासून जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मला येणारे फोन वाढले. मशीन धडधाकट आहे, पण विंडोज ११ घेत नाही. अशा मशीनवर मी उबंटू नाहीतर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सच्या फुकट प्रणाली, बसवून देतो. चार दिवस सगळं सुरळीत चालतं आणि पाचव्या दिवशी फोन येतो, "आउटलुक कुठंय?" मायक्रोसॉफ्टचं ते मेल अ‍ॅप लिनक्ससाठी निघालेलंच नाही. ती उणीव भरायला काही मंडळींनी आपल्या वेळात अ‍ॅप लिहिली आहेत. त्यांपैकी प्रॉस्पेक्ट मेल मी सगळ्यांत जास्त वेळा बसवलं आहे, म्हणून इथे मुख्यतः त्याबद्दलच लिहिलं आहे.

उत्तरं फोनवर सांगतो तशीच आहेत. टर्मिनलच्या, म्हणजे टाइप करून हुकूम द्यायच्या खिडकीच्या, आज्ञाही उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या लिपीत करायच्या.

अनधिकृत म्हणजे बेकायदेशीर का?

नाही. आपल्याकडे हा शब्द अनधिकृत बांधकाम, अनधिकृत नळजोडणी यांच्याबरोबर ऐकू येतो, म्हणून माणूस बिचकतो. इथे अर्थ एवढाच की ज्यांची मेलसेवा आहे त्यांनी हे अ‍ॅप बनवलेलं नाही आणि त्यात काही बिघडलं तर ते जबाबदारी घेणार नाहीत. प्रॉस्पेक्ट मेलचा मायक्रोसॉफ्टशी संबंध नाही. त्याचा सोर्स कोड गिटहबवर, म्हणजे प्रोग्रॅमचा कोड ठेवायच्या साइटवर, उघडा आहे, कोणीही वाचू शकतो. प्रोटॉन मेल ही दुसरी मेलसेवा वापरणाऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनमेल नावाचं असंच अ‍ॅप आहे, तेही बाहेरच्यांनी लिहिलेलं. बेकायदेशीर आहे ते पेनड्राइव्हवरून गावभर फिरणारं क्रॅक केलेलं ऑफिस, आणि ते मात्र लोक बिनधास्त बसवतात.

ते आतून चालतं कसं?

इलेक्ट्रॉन नावाच्या चौकटीवर. तिच्यात क्रोमियम ब्राउझर आणि नोड हे दोन्ही एकत्र बांधलेले असतात. म्हणजे अ‍ॅप उघडलं की पत्त्याची पट्टी नसलेला एक ब्राउझर उघडतो आणि त्यात आउटलुकची वेबसाइटच दिसते. मेल तुमच्या मशीनवर उतरत नाहीत, ते सर्व्हरवरच राहतात. पासवर्डही मायक्रोसॉफ्टच्याच पानावर टाकायचा असतो. पण ते पान ज्या खिडकीत उघडलंय ती खिडकी दुसऱ्या कोणाची तरी आहे, हे विसरायचं नाही. पासवर्डच्या प्रश्नात यावर सविस्तर लिहिलं आहे.

मग ब्राउझरमध्येच मेल उघडला तर काय बिघडतं?

काहीच नाही. दिवसातून दोनदा मेल बघणाऱ्याने हे अ‍ॅप बसवूच नये, असं माझं मत आहे.

फरक कुठे पडतो ते सांगतो. माझा मावसभाऊ शिरपूरकडे केळीच्या एका पॅकहाऊसचं ऑफिस बघतो. कापणी सुरू असली की टेबलावर वजनाच्या पावत्या, एका कानाला फोन आणि ब्राउझरमध्ये पंधरा टॅब: बाजारभाव, जीएसटी, बँक, हवामान. मेलचा टॅब त्यात कुठेतरी दबलेला. एकदा खरेदीदाराने पेट्यांची संख्या बदलल्याचा मेल दुपारी दोनला पाठवला आणि तो दिसला संध्याकाळी सहाला. तोवर पेट्या भरून शीतगृहात गेल्या होत्या. नंतर मी त्याला प्रॉस्पेक्ट मेल बसवून दिलं. आता वरच्या पट्टीत एक छोटं चिन्ह असतं, नवा मेल आला की सूचना डोळ्यासमोर येते आणि टॅब बंद होण्याचा प्रश्नच उरत नाही. एवढ्यासाठीच हे अ‍ॅप आहे.

थंडरबर्ड असताना हे कशाला?

थंडरबर्ड हे लिनक्सवरचं जुनं, फुकट मेल अ‍ॅप. ते चालत असेल तर तेच वापरा. त्याची पहिली पक्की आवृत्ती डिसेंबर २००४ ची, म्हणजे इतक्या वर्षांचा मुरलेला कार्यक्रम आहे. मेल मशीनवर उतरवून ठेवतं, जीमेलशी त्याचं चांगलं जमतं.

अडतं ते ऑफिस आणि कॉलेजच्या खात्यांवर. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२२ पासून संस्थांच्या खात्यांसाठी आणि सप्टेंबर २०२४ पासून घरगुती आउटलुक खात्यांसाठी, नुसतं नाव-पासवर्ड देऊन आत येण्याची जुनी पद्धत बंद केली. आता परवानगीची चिठ्ठी लागते, तिला ओऑथ म्हणतात. थंडरबर्डला ती मागता येते, पण कित्येक संस्थांत "अ‍ॅडमिनची मंजुरी हवी" असं पान समोर येतं आणि गाडी तिथेच थांबते. काही ठिकाणी आयमॅप, म्हणजे अशा अ‍ॅपला मेल वाचू देणारा मार्गच, बंद ठेवलेला असतो. थंडरबर्डच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एक्स्चेंजची (मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस-मेल सर्व्हरची) थेट सोय येऊ लागली आहे, ती आधी करून बघा. तिथेही नकार आला तर वेबसाइट दाखवणारं अ‍ॅप हा मार्ग उरतो, कारण ब्राउझरमध्ये जे खातं उघडतं ते बहुतेक वेळा इथेही उघडतं.

संस्थेच्या आयटीवाल्यांना मात्र एकदा विचारा. कॉलेजचं खातं कॉलेजचं असतं. तिथे बाहेरचं अ‍ॅप चालतं की नाही हे त्यांनी ठरवायचं आहे.

माझ्या जुन्या मशीनवर चालेल का?

इलेक्ट्रॉनची अ‍ॅप जड असतात. एक खिडकी तीन-चारशे एमबी रॅम सहज खाते. ४ जीबीच्या मशीनवर फायरफॉक्स आणि हे अ‍ॅप एकत्र उघडलं की मशीन धापा टाकतं. मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या सीपीयूचा पंखा तसाही ओरडतच असतो. अशा ठिकाणी झुबंटू किंवा मिंटची एक्सएफसीई अशी हलकी आवृत्ती घ्या आणि शक्य झालं तर रॅम ८ जीबी करा. हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची असेल तर आधी एसएसडी टाका. त्या एका बदलाने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही.

बसवायचं कसं?

उबंटूवर सगळ्यांत सोपा मार्ग स्नॅपचा, म्हणजे अ‍ॅप बसवायच्या उबंटूच्या स्वतःच्या पद्धतीचा. अ‍ॅप सेंटर उघडा, प्रॉस्पेक्ट मेल शोधा, इन्स्टॉल दाबा. टर्मिनलमधून करायचं असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि टी एकत्र दाबा आणि लिहा: सुडो स्नॅप इन्स्टॉल प्रॉस्पेक्ट-मेल. मधे जोडरेषा आहे, ती सोडू नका. पासवर्ड विचारेल. टाइप करताना स्क्रीनवर बहुतेक वेळा काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. निम्मे लोक इथे कीबोर्ड बंद पडला म्हणून फोन करतात. बंद पडलेला नाही. न बघता पूर्ण टाइप करा आणि एंटर दाबा.

लिनक्स मिंटवर स्नॅप मुद्दाम अडवलेलं आहे. २०२० च्या मिंट २० पासून तिथे नोस्नॅप नावाची फाइल येते, ती स्नॅप बसू देत नाही. ती फाइल पुसायचा सल्ला इंटरनेटवर जागोजागी मिळतो. मी पुसत नाही. मिंट बनवणाऱ्यांनी विचार करून तो निर्णय घेतला आहे. तिथे डेब फाइल, म्हणजे उबंटू-मिंटवर अ‍ॅप बसवायची तयार फाइल, घ्यायची. प्रकल्पाच्या गिटहब पानावर रिलीजेस नावाचा भाग असतो, त्यात सगळ्यांत वरची आवृत्ती बघा. नावात एएमडी६४ असलेली फाइल उतरवा. "माझं मशीन इंटेलचं आहे, एएमडीचं नाही" असं म्हणून लोक थांबतात. पण ते नाव दोन्हींच्या ६४ बिट मशीनसाठी आहे. एआरएम६४ लिहिलेली मात्र घेऊ नका.

फाइल डाउनलोड्समध्ये आली की त्या फोल्डरमध्ये रिकाम्या जागी उजवं क्लिक करून टर्मिनल उघडा आणि लिहा: सुडो एपीटी इन्स्टॉल, मग एक जागा सोडून टिंब, तिरकी रेघ (स्लॅश) आणि लगेच फाइलचं नाव. ते टिंब आणि तिरकी रेघ राहिली तर एपीटी ती फाइल तुमच्या फोल्डरमध्ये न शोधता इंटरनेटवरच्या भांडारात शोधतं आणि सापडत नाही म्हणून सांगतं.

फेडोरा ही लिनक्सची आणखी एक प्रणाली वापरणाऱ्यांसाठी आरपीएम फाइल असते. खान्देशात मला फेडोरावाले फारसे भेटले नाहीत, पण पद्धत तीच, फक्त एपीटीच्या जागी डीएनएफ.

अ‍ॅपइमेज उतरवली, दोनदा क्लिक केलं, काहीच होत नाही.

मावसभावाचे शब्द अजून आठवतात: "दादा, काहीच व्हत नही." चूक त्याची नव्हती. अ‍ॅपइमेज ही न बसवता थेट चालवायची फाइल असते, पण इथे तीन गोष्टी एकामागे एक आडव्या येतात.

पहिली, फाइलला चालण्याची परवानगी नसते. उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि तिथे प्रोग्रॅम म्हणून चालू द्या असा पर्याय चालू करा.

दुसरी, उबंटू २२.०४ पासून लिबफ्यूज२ हा पूरक भाग आपोआप येत नाही आणि बऱ्याच अ‍ॅपइमेज त्याच्याशिवाय उघडत नाहीत. २२.०४ वर सुडो एपीटी इन्स्टॉल लिबफ्यूज२, २४.०४ वर तेच पॅकेज लिबफ्यूज२टी६४ या नावाने आहे. नुसतं फ्यूज नावाचं पॅकेज बसवू नका, नव्या उबंटूवर त्याने डेस्कटॉपचे महत्त्वाचे भाग निघून जाऊ शकतात.

तिसरी गोष्ट सगळ्यांत चिवट. उबंटू २४.०४ ने अ‍ॅपआर्मर या सुरक्षा यंत्रणेमार्फत एक नवा निर्बंध आणला, त्यामुळे इलेक्ट्रॉनच्या अ‍ॅपइमेजना आपलं सँडबॉक्स उभारता येत नाही. टर्मिनलमधून चालवलं तर एसयूआयडी सँडबॉक्सबद्दल लांबलचक तक्रार दिसते. यावर नो-सँडबॉक्स असं जोडून चालवा, हा उपाय सगळीकडे सापडेल आणि तो चालतोही. पण मेलच्या अ‍ॅपला तो लावू नका. सँडबॉक्स ही शेताभोवतीची तारेची जाळी आहे, आणि मेलमध्ये तर रोज अनोळखी लोकांनी पाठवलेली पानं उघडायची असतात. उबंटूवर स्नॅप नाहीतर डेब वापरा, अ‍ॅपइमेजचा नाद सोडा.

माझा पासवर्ड चोरीला जाणार नाही ना?

हा प्रश्न सगळ्यांत शेवटी आणि दबक्या आवाजात विचारला जातो. खरं तर तो सगळ्यांत आधी विचारायला हवा.

वर म्हटलं तसं, पान मायक्रोसॉफ्टचं आणि खिडकी दुसऱ्याची. खिडकी बनवणाऱ्याच्या मनात आलं तर तो तुम्ही टाइप केलेलं वाचू शकतो. उघड्या कोडचा फायदा हा की असं काही घातलं तर ते कोणाच्या तरी नजरेस पडण्याची शक्यता असते. शक्यता म्हणतोय, खात्री नाही. म्हणून मी प्रत्येक वेळी काही गोष्टी बघतो: फाइल प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरून किंवा स्नॅपच्या भांडारातूनच आली का, गेल्या काही महिन्यांत नवी आवृत्ती निघाली आहे का, लोकांनी लिहिलेल्या तक्रारींना उत्तरं मिळतायत का. सारख्या नावाच्या अ‍ॅपच्या गर्दीत बनवणाऱ्याचं नाव नीट जुळवून बघतो. एखादं अ‍ॅप आउटलुकचं नेहमीचं पान न दाखवता स्वतःच्या चौकटीत पासवर्ड मागत असेल तर तिथूनच परत फिरतो.

हे मी एका घटनेनंतर शिकलो. ओळखीच्या एका केळी व्यापाऱ्याने कुठल्याशा साइटवरून "लिनक्ससाठी आउटलुक" असं लिहिलेली फाइल उतरवली होती. पंधरा दिवस सगळं ठीक चाललं. मग दिल्लीच्या खरेदीदाराचा फोन आला, "तुमचा बँक खात्याचा नंबर बदलला म्हणून मेल आलाय, खरं का?" या व्यापाऱ्याने असा मेल पाठवलेलाच नव्हता. मी खातं उघडून बघितलं तर मेलच्या नियमांमध्ये एक नियम कोणीतरी घालून ठेवला होता: ज्या मेलमध्ये बिलाचा उल्लेख असेल तो बाहेरच्या एका पत्त्यावर पाठवायचा आणि खरेदीदाराचं उत्तर आलं की ते इनबॉक्समधून हलवायचं. खरेदीदाराने पैसे पाठवण्याआधी फोन केला म्हणून वाचलं.

तेव्हापासून माझा आग्रह आहे की टू-स्टेप म्हणजे दोन पायऱ्यांची पडताळणी चालू केल्याशिवाय मी कोणाच्याही मशीनवर असं अ‍ॅप बसवत नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅप मोबाइलवर टाका. संशय आला तर दुसऱ्या, खात्रीच्या मशीनवरून पासवर्ड बदला, सगळीकडून साइन आउट करा आणि मेल पुढे पाठवण्याचे नियम नक्की तपासा. नुसता पासवर्ड बदलून तो नियम जात नाही. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

मराठी मेल चौकोन-चौकोन दिसतात.

चौकोन दिसले तर फॉन्ट नाही. सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा.

चौकोनांऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसत असेल तर तो वेगळा आजार आहे. तो मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो, श्रीलिपी, शिवाजी, कृतीदेव अशांपैकी कशात तरी. आपल्याकडच्या सोसायट्या, पतपेढ्या, छापखाने यांच्या जुन्या फाइली बहुतेक अशाच आहेत. त्यात मेलच्या अ‍ॅपचा काहीच दोष नाही. विंडोजवरही तो फॉन्ट नसेल तर असंच दिसतं. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो आणि नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासावी लागतात. ती मेहनत घ्या. एकदा युनिकोडमध्ये आलेला कागद पुढे कुठल्याही मशीनवर उघडतो, शोधता येतो.

या अ‍ॅपमध्ये मराठी टाइप कसं करायचं?

सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, मग इनपुट सोर्सेस, तिथे मराठी जोडा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते. कधी कधी इतर सगळीकडे मराठी उमटतं आणि फक्त इलेक्ट्रॉनच्या अ‍ॅपमध्ये उमटत नाही. असं झालं तर लॉग आउट करा, नाव निवडल्यावर खाली दातेरी चाकाचं चिन्ह येतं, त्यातून उबंटू ऑन एक्सऑर्ग निवडून पुन्हा आत या (उबंटू २५.१० पासून हा पर्याय उरलेला नाही).

शिक्षक मंडळी हमखास विचारतात की "वाऱ्यावर"मधला ऱ्य कसा काढायचा. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड रचनेत शिफ्ट धरून जे दाबा, मग शिफ्ट सोडून डी, मग य. नुसत्या जे ने सुरुवात केली तर "वार्यावर" होतं, आणि शाळेच्या पत्रात ते खटकतं.

नेट किंवा लाइट गेली तर?

नेट नसताना या अ‍ॅपवर विसंबू नका, मेल सर्व्हरवर आहेत. लांबलचक मेल आधी टेक्स्ट एडिटरमध्ये लिहून जतन करा आणि मग चिकटवा. भारनियमनाच्या गावात मी हीच सवय लावायला सांगतो. जुने मेल नेटशिवाय वाचायचेच असतील तर थंडरबर्डला पर्याय नाही.

फाइल जोडताना पेनड्राइव्ह दिसत नाही.

स्नॅपची अ‍ॅप कुंपणात चालतात, बहुतेकांना पेनड्राइव्हची परवानगी नसते. फाइल डाउनलोड्समध्ये कॉपी करा आणि तिथून जोडा.

अपडेट आपोआप होतं का?

स्नॅपचं होतं, दिवसातून चार वेळा तपासलं जातं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेटा संपतो अशी तक्रार असेल तर सुडो स्नॅप रिफ्रेश, मग दोन जोडरेषा आणि होल्ड, असं लिहून ते थांबवता येतं. पण घरी वायफायवर आल्यावर हाताने सुडो स्नॅप रिफ्रेश चालवायला विसरू नका. आत क्रोमियम आहे, आणि जुनं क्रोमियम धोक्याचं.

डेब आणि अ‍ॅपइमेजचं अपडेट तुमचं तुम्हालाच करावं लागतं. मी महिन्याच्या पहिल्या रविवारी मिंटवाल्यांना फोन करतो. ज्यांना असं कोणी आठवण करणारं नाही त्यांनी स्नॅप असलेलं उबंटूच घ्यावं.

काढून टाकायचं असेल तर?

सुडो स्नॅप रिमूव्ह, दोन जोडरेषा पर्ज, मग अ‍ॅपचं नाव. पर्ज लिहिलं नाही तर स्नॅप तुमच्या माहितीची एक प्रत ३१ दिवस ठेवतं, आणि तिच्यात तुमचं लॉगिनही असू शकतं. डेब असेल तर एपीटीने काढा आणि घरच्या फोल्डरमध्ये डॉट-कॉन्फिगच्या आत अ‍ॅपच्या नावाचं फोल्डर राहतं तेही पुसा. मशीन विकायचं किंवा दुसऱ्याला द्यायचं असेल तर आधी अ‍ॅपमधून साइन आउट करा, मग हे सगळं.

बनवणाऱ्याने उद्या काम सोडलं तर?

सोडू शकतो, त्याला त्याचा पगार मिळत नाही. तुमचे मेल सर्व्हरवर आहेत, त्यांना काही होणार नाही. ब्राउझर उघडा, सगळं तिथेच असेल. वर्षभर नवी आवृत्ती आली नाही तर मी ते अ‍ॅप काढून टाकतो. आणि चालू आहे तोवर काही बिघाड दिसला तर गिटहबवर नीट कळवा: उबंटूची आवृत्ती कोणती, काय दाबलं, काय दिसलं. मराठी टाइप होत नाही ही अडचण आपण सांगितल्याशिवाय तिकडे कोणाला कळणार नाही.

दादा, तुम्ही स्वतः काय वापरता?

माझ्या मशीनवर थंडरबर्ड आहे. मावसभावाच्या मशीनवर प्रॉस्पेक्ट मेल, आणि त्याच्या मॉनिटरच्या कडेला मी चिकटवलेला एक कागद: बँकेचा नंबर बदलल्याचा मेल आला की आधी फोन.